जांभूळहौदचा तिसरा दरवाजा

जांभूळहौद स्टेशनात तीन नंबरचा दरवाजा नाही, हे मृण्मयी कानडेने त्या महिन्यात सातव्यांदा लिहून कळवलं आणि सातव्यांदा तेच उत्तर आलं : ‘नोंदीनुसार आहे.’

उत्तर देणारा माणूस असता तर तिने त्याला हाताला धरून आणलं असतं, बत्तीस पायऱ्या चढवल्या असत्या आणि वरच्या भिंतीला नाक लावून उभं केलं असतं. पण उत्तर देत होता वाटाड्या. वाटाड्या म्हणजे स्टेशन चालवणारं यंत्र, आणि यंत्राला नाक नसतं. मृण्मयी त्या भुयारी स्टेशनची नियंत्रक होती. तिच्या हाताखाली चार दरवाजे, दोन फलाट, एकोणीस माणसं आणि एक न ऐकणारं यंत्र होतं, आणि त्यातल्या शेवटच्याने तिच्या नाकी नऊ आणले होते.

या दुखण्याचं मूळ स्टेशनच्या जन्मात आहे. बावीस वर्षांपूर्वी पुण्याच्या त्या जुन्या पेठेत खोदकाम सुरू झालं, तेव्हा पेठेचं नाव जांभूळहौद होतं, पण हौद कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. नाव आहे ना, मग झालं, असं लोक म्हणत. नकाशा साधा होता. सगळ्यात खाली फलाट, त्याच्यावर तिकिटाच्या फाटकांचं दालन, आणि दालनातून रस्त्यावर जाणारे पाच दरवाजे. दरवाजांना नंबर मिळाले ते जागा ज्या क्रमाने ताब्यात आल्या त्या क्रमाने. त्यामुळे एक आणि दोनच्या मधोमध चार नंबर येऊन बसला, आणि पाच नंबर पार बसथांब्याकडे गेला. हे कोणी जाणूनबुजून केलं नव्हतं. ते तसंच होत गेलं आणि कोणी थांबवलं नाही.

तीन नंबरच्या जिन्याच्या बत्तीस पायऱ्या ओतून झाल्या होत्या, आणि तेहतिसाव्या पायरीच्या जागी कुदळ घडीव दगडाला लागली. हरवलेला हौद सापडला. त्याची एक बाजू दालनापर्यंत उतरत होती, भाजक्या मातीचे नळसुद्धा जागच्या जागी होते. हौदाला हात लावायचा नाही असा वरून हुकूम आला. दालनाकडच्या बाजूला काच बसवली, लोकांना हौद दिसू लागला, वर्तमानपत्रांत फोटो आले. तीन नंबरचा जिना मात्र भिंतीशी जाऊन संपला.

आता नकाशा बदलायला हवा होता. पण नकाशा बदलायचा तर मंजुरी नव्याने घ्यायची, नव्या मंजुरीला अकरा महिने लागणार, आणि उद्‌घाटनाला उरले होते नऊ आठवडे. मोठे साहेब म्हणाले, “कानडे, असू दे तो दरवाजा कागदावर. उद्‌घाटनानंतर बांधू.” हे कानडे म्हणजे शिरीष कानडे, सर्वेक्षण विभागातले नकाशाकार आणि मृण्मयीचे वडील. बांधकाम झाल्यावर हातात फीत घेऊन इंच न् इंच मोजायचा आणि जे खरोखर उभं आहे त्याचा शेवटचा नकाशा काढायचा, हे त्यांचं काम. त्यांनी तो काढला. तीन नंबरचा जिना, त्यापुढे चाळीस मीटरची वाट आणि रस्त्यावर उघडणारं दार, सगळं काढलं. कोपऱ्यात लिहिलं, ‘जागेवर तपासले’, आणि खाली सही केली.

उद्‌घाटनानंतर कोणी काही बांधलं नाही. जिन्याच्या तोंडावर शटर ओढलं आणि पाट्या लागल्या : एक, दोन, चार, पाच. सुरुवातीची काही वर्षं माणसं तीन नंबर शोधत हिंडायची. चार नंबरबाहेरच्या वह्यापुस्तकांच्या दुकानदाराने अखेर पाटी लावली, ‘तीन नंबर येथे नाही. कोठेच नाही. विचारू नये.’ हळूहळू सगळ्यांना ते माहीत झालं. स्टेशनची खोड सगळ्यांना माहीत असली की ती खोड राहत नाही.

मग वाटाड्या आला.

बांधकामाच्या वेळीच जमिनीच्या फरशीखाली काचेची तार टाकलेली होती, केसाइतकी बारीक, पुढेमागे कुठे तडा गेला तर कळावा म्हणून. या तारेच्या एका टोकातून प्रकाशाचे ठोके सोडतात, सेकंदाला हजारो. काच कितीही शुद्ध असली तरी ठिकठिकाणांहून थोडा प्रकाश मागे फिरतो. वर कोणी पाऊल टाकलं की तिथली तार अगदी नखभरही नाही एवढी ताणली जाते आणि तिथून परत येणारा प्रकाश बदलतो. तो यायला किती वेळ लागला त्यावरून पाऊल कितव्या मीटरवर पडलं ते कळतं. म्हणजे सबंध स्टेशनच एक कान झालं. वाटाड्या त्या कानाने ऐकायचा. कोण घाईत आहे, कोणाचा गुडघा दुखतोय, कोणाच्या कडेवर मूल आहे, हे त्याला पावलांवरून कळायचं. मग प्रत्येकाच्या पायापुढे फरशीत एक बाण उजळायचा आणि माणूस बाणामागे जायचा. रेटारेटी संपली, चेंगराचेंगरीची भीती गेली. मृण्मयीने हे मोकळ्या मनाने कबूल केलेलं होतं.

पण दोन वर्षांत माणसं वर बघेनाशी झाली. पाट्या कोणी वाचेना, कोणी कोणाला वाट विचारेना. दुकानदाराने आपली पाटी काढून टाकली. आणि वाटाड्याच्या लेखी चालणारा तो प्रवासी आणि थांबलेला तो अडथळा. सत्तरी ओलांडलेले शिरीष कानडे रोज सकाळी दहाला येऊन हौदाच्या काचेपुढे उभे राहायचे, ते अडथळा ठरले. त्यांच्या पायाखाली बाण लुकलुकायला लागायचा आणि एक गोड आवाज म्हणायचा, “कृपया पुढे चला.”

“माझ्याच स्टेशनात मला पुढे चला म्हणतो,” ते घरी येऊन चिडचिड करायचे. “पूर्वी दिवसात दहा जण विचारायचे, काका, शाळेकडचा जिना कुठला? आता कुत्रं विचारत नाही.”

“बाबा, यंत्र आहे ते. त्याचं काय मनावर घ्यायचं,” मृण्मयी म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच त्याच्याशी तासभर भांडायची.

भांडण आता हातघाईवर आलं होतं. मुख्यालयातून पत्र आलं होतं की यापुढे आग, धूर किंवा तसलं काही झालं तर स्टेशनचा सगळा ताबा वाटाड्याकडे जाईल. शटर तो उघडेल, बाण तो दाखवेल, भोंग्यावर तो बोलेल. परस्परविरोधी सूचना टाळण्यासाठी नियंत्रकाचा माइक त्या वेळी बंद राहील. त्यासाठी नियंत्रकाने ‘नकाशा प्रत्यक्षाशी जुळतो’ असं सही करून द्यायचं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘सोमवारपर्यंत सही न आल्यास संमती गृहीत धरली जाईल.’

मृण्मयीने वाटाड्याला सरळ प्रश्न घातला : धूर झाला तर माणसं कुठून काढशील? त्याने क्रम दिला. पहिला, तीन नंबर. कारणही दिलं : ‘दोन वर्षांत एकही पाऊल नाही. सर्वांत रिकामा मार्ग.’

तिने शटरला कुलूप लावलं, तर आपत्कालीन मार्गाला कुलूप लावल्याबद्दल मेमो आला आणि कुलूप निघालं. तिने तिथे कुंड्या ठेवल्या, तर कुंड्यांबद्दल मेमो आला. फोटो पाठवले, तर फोटोपेक्षा नोंद ग्राह्य, असं कळवलं. मुख्यालयातल्या एका सज्जन बाईंनी शेवटी घोडं कुठे अडलंय ते सांगितलं. “मॅडम, लोकांनी वाट्टेल त्या दुरुस्त्या पाठवून आमच्या तोंडाला फेस आणला होता. म्हणून आता नियम आहे. ज्यांनी नकाशावर सही केली, त्यांनीच चूक झाली असं लिहून द्यायचं. मूळ सर्वेक्षक हयात आहेत का?”

“आहेत,” मृण्मयी म्हणाली. “रोज सकाळी माझ्याबरोबर चहा पितात.”

तेवढ्यावर तिला वाटलं की काम झालं. आपल्या वडिलांना ती एकेचाळीस वर्षं ओळखत होती, तरी तिला असं वाटलं.

रविवारी दुपारी जेवताना तिने विषय काढला. “बाबा, एक ओळ लिहायची आहे. तीन नंबरचा दरवाजा बांधलेला नाही. खाली तुमची सही.”

“बांधलेला नाही कसं? अर्धा बांधलाय.”

“अर्ध्या दरवाजातून माणसं बाहेर जातात का?”

“उद्‌घाटनानंतर करणार होते. त्यांनी केलं नाही, त्यात माझी काय चूक?”

“तुम्ही जागेवर तपासलं असं लिहिलंय.”

शिरीषरावांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला. “तो नकाशा प्रशिक्षणाच्या शाळेत भिंतीवर लावलाय. अठरा वर्षं पोरं त्याच्यावरून शिकताहेत. कानडे नकाशा म्हणतात त्याला. तू त्यात एक सेंटिमीटरची चूक दाखव.”

“सेंटिमीटर नाही हो, अख्खा जिना.”

त्यांनी आमटीची वाटी पुढे ओढली. मृण्मयीला एक कोडं कधीचं सतावत होतं, ते तिने विचारून टाकलं. “एक सांगा. जिना तर भिंतीशी संपतो. मग यंत्राला त्याच्यापुढे चाळीस मीटर वाट ऐकू कशी येते? नुसतं कागदावर असतं तर त्याला संशय आला असता. तिथे तार आहे म्हणतो तो.”

“आहे ना तार.” शिरीषरावांच्या आवाजात जुना रुबाब आला. “नकाशात जेवढी लांबी, तेवढी तार टाकायची होती. जागा संपली, तार उरली. कापली असती तर लांबी जुळली नसती. मग मीच सांगितलं, गुंडाळी करा आणि वरच्या कोनाड्यात ठेवा. वरून पत्रा मारला.”

मृण्मयीने कपाळाला हात लावला. चाळीस मीटर तार, एका पत्र्याआड गुंडाळून ठेवलेली, जिच्यावर कोणाचंच पाऊल कधी पडणार नाही. आणि वाटाड्या तिची शांतता ऐकून म्हणत होता, केवढा हा मोकळा रस्ता.

“बाबा, तिथे माणसं मरतील.”

“अठरा वर्षांत कोणाला काही झालं?”

“कारण त्यातली सोळा वर्षं लोक डोळ्यांनी चालत होते!”

तिचा आवाज चढला, आणि त्यांचा त्याहून. म्हाताऱ्याला आयुष्याच्या शेवटी खोटारडा ठरवायला निघालीस, असं ते म्हणाले. तुम्हाला माणसांपेक्षा कागद प्यारा आहे, असं ती म्हणाली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांच्या पिढीला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. ती ताटावरून उठली. ते बसून राहिले, पण पुढे जेवले नाहीत.

सोमवारी ती वाट बघत राहिली. मुख्यालयात जाऊन बोंब ठोकायची, वर्तमानपत्राला फोन करायचा, राजीनामा टेबलावर आपटायचा, हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. पण त्यातल्या प्रत्येक वाटेवर बाबांचं नाव चव्हाट्यावर येत होतं, आणि त्यांनी आपणहून लिहून दिलं असतं तर ते टळलं असतं. संध्याकाळपर्यंत लिहितील, असं ती स्वतःला सांगत राहिली. साडेपाच वाजले आणि तिच्या हातातल्या छोट्या पडद्यावर वाटाड्याची ओळ आली : ‘संमतीबद्दल आभार.’

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला फलाटाच्या पश्चिम टोकाला हवेच्या पंख्याची मोटर जळाली. ज्वाळा नव्हत्या, पण धूर काळा आणि घाणेरडा होता. गाडी नुकतीच रिकामी झाली होती. फलाट आणि दालन मिळून नऊशेवर माणसं होती. भोंगा वाजला, मृण्मयीच्या हातातला माइक मुका झाला, आणि सगळ्या स्टेशनच्या फरश्यांवर हिरवे बाण उजळले. निम्म्याहून जास्त बाण तीन नंबरकडे वळलेले होते. शटर आपसूक वर गेलं.

तिने पहारेकरी लोखंडेला वॉकीटॉकीवर सांगितलं, “तीन नंबरचं तोंड अडव.” लोखंडे खाली फलाटावर एका दम्याच्या बाईंना उचलत होता. “मॅडम, मला वर यायलाच पाच मिनिटं लागतील,” तो खोकत म्हणाला. मग ती हातातला पडदा घेऊन स्वतःच धावली.

दालनात ती ओरडत होती, “तिकडे जाऊ नका, तिकडे वाट नाही.” अंगात गणवेश होता, गळ्यात ओळखपत्र होतं, तरी कोणी वळून बघेना. माणसं घाबरलेली होती आणि घाबरलेला माणूस बाणाकडे बघतो. एक गृहस्थ जाता जाता तिलाच म्हणाले, “मॅडम, बाण इकडे आहे. या.” तिच्या स्वतःच्या पायापुढचा बाणसुद्धा तिला तिकडेच ढकलत होता. तिला त्या फरशीवर लाथ मारावीशी वाटली, आणि तिने मारलीही.

पडद्यावर तीन नंबरची रेघ हिरवी होती. बत्तीस पायऱ्यांवर पावलांचे ठिपके चढत होते, साठ, सत्तर, ऐंशी. ते वर जाऊन थांबतील, मागचे रेटा देतील, त्यामागचे आणखी.

तेवढ्यात जिन्यापुढची चाळीस मीटरची वाट लाल झाली.

तिथे कोण असणार? मग तिने नीट पाहिलं. माणसं चालतात तेव्हा ठिपके एकामागून एक सरकतात. इथे चाळीसच्या चाळीस मीटर एकदम हादरत होते, थांबत होते, पुन्हा हादरत होते. जगातली कुठली गर्दी अशी ठेक्यात पाय आपटत नाही. कोणीतरी गुंडाळीवर घाव घालत होतं. आणि ती गुंडाळी कुठे आहे हे आज त्या स्टेशनात दोनच माणसांना माहीत होतं.

वाटाड्याला एवढं कळलं की तीन नंबर गच्च भरलाय. फरशीवरचे बाण क्षणभर विझले आणि वळले, एक, दोन, चार आणि पाचकडे. माणसं वळली. जिन्यावरची माणसं शिव्या देत खाली उतरू लागली आणि वळणाऱ्या बाणांमागे निघून गेली. मृण्मयी जिन्याच्या तोंडाशी भिंतीला चिकटून उभी राहिली आणि त्यांना जाऊ दिलं. वरून ठण ठण ठण असा आवाज येतच होता.

साडेसहा मिनिटांत स्टेशन रिकामं झालं. दम्याच्या बाईंना दवाखान्यात नेलं, एकाच्या चपलेचा अंगठा तुटला, बाकी कोणाला काही झालं नाही. मग ती बत्तीस पायऱ्या चढली.

शिरीषराव सगळ्यात वरच्या पायरीवर बसले होते. रविवारपासून ते तिच्याशी बोलत नव्हते, पण तिचा डबा घेऊन आले होते. तोच स्टीलचा डबा त्यांच्या हातात होता, चेपून पार वाकडा झालेला. कोनाड्याचा पत्रा आत गेला होता आणि भिंतीवर मटकीच्या उसळीचे ओघळ होते.

“शटर वर गेलं तसा सगळ्यांच्या आधी चढलो. त्यांना सांगितलं मी,” ते धापा टाकत म्हणाले. “आडवा उभा राहिलो. म्हटलं, पुढे दार नाही, हे मीच काढलंय, मागे फिरा. एकानेही ऐकलं नाही. काका, बाजूला व्हा म्हणाले. मग म्हटलं, हे ज्याचं ऐकतात त्यालाच सांगू.”

ती त्यांच्या शेजारी बसली. त्यांचा उजवा हात तिने धरून ठेवला. खूप राग आला होता, आणि तो कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं. यंत्राने जे ऐकलं तेच मानलं होतं. तिने स्वतः सोमवारचा अख्खा दिवस कोणीतरी दुसरं लिहील म्हणून घालवला होता.

“मी काल बोलायला हवं होतं,” ती म्हणाली. “तुमचं नाव घेऊन.”

“हो,” ते म्हणाले. “आणि मी अठरा वर्षांपूर्वी.”

पडदा तिच्या मांडीवर वाजला. वाटाड्याचा अहवाल आला होता. तिने तो मोठ्याने वाचला. सुटका यशस्वी. एकूण प्रवासी नऊशे बारा. तीन नंबरच्या दरवाजातून बाहेर पडलेले अकराशे चाळीस. सर्वोत्तम मार्ग, तीन नंबर. यापुढे रोजच्या वाहतुकीसाठीही खुला करण्याची शिफारस. जादा आढळलेल्या विनातिकीट प्रवाशांबाबत नियंत्रकाने तीन दिवसांत खुलासा करावा. शेवटी, अचूक नकाशाबद्दल श्री. शिरीष कानडे यांचे अभिनंदन.

मृण्मयीला हसू येईना आणि रडूही येईना.

“आण तो इकडे,” शिरीषराव म्हणाले. त्यांनी पडदा घेतला, चष्मा पुसला, दुरुस्तीचा अर्ज उघडायला लावला. नाव टाकलं, हुद्दा टाकला, अंगठा टेकवला. ‘दुरुस्ती’ या रकान्यात लिहिलं, ‘तीन नंबरचा दरवाजा नाही.’

वाटाड्याने विचारलं, ‘नोंदीनुसार आहे. दुरुस्तीचं कारण?’

त्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. मग एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं :

‘इथे भिंत आहे. सही केली तेव्हाही मी ती पाहिली होती.’